एक्झॉस्ट फॅनमधून येणारा गार वारा: दर दिवाळीला परत येणारं दुखणं

"अगं, खिडकी कोणी उघडी ठेवलीय?" आईनं बाथरूममधून हाक मारली. नरक चतुर्दशीची पहाट, बाहेर चार-पाच अंश, आणि ती अंगाला तेल-उटणं लावून स्टुलावर बसलेली. खिडकी घट्ट बंद होती. वारा येत होता वरच्या कोपऱ्यातल्या एक्झॉस्ट फॅनमधून. तोही थोडाथोडका नाही, फॅनच्या जाळीला लोंबणारा कोळिष्टकाचा धागा आतल्या बाजूला चक्क आडवा झाला होता.

लीड्समधलं आमचं घर १९३० च्या दशकातलं, दोन घरं एकाच भिंतीला पाठ लावून उभी असतात त्यातलं एक. बाथरूम वरच्या मजल्यावर, फॅन बाहेरच्या भिंतीत. सलग तीन हिवाळे मी या वाऱ्याच्या मागे होते. दर वर्षी काहीतरी विकत आणायचं, बसवायचं, मार्च आला की विसरायचं, आणि दिवाळीला वारा पुन्हा हजर. चौथ्या वर्षी कळलं की मी भलतंच भोक बुजवत होते. ब्रिटनमधल्या ओळखीच्या मराठी घरांत हीच तक्रार इतक्यांदा ऐकलीय, की माझ्या चुकांसकट सगळं एकदा लिहून टाकते.

आपल्याला हे कोणी शिकवलेलं नसतं, हेही खरंच. आपल्याकडच्या बाथरूमला झडपांच्या काचांची खिडकी असते, ती बाराही महिने अर्धी उघडी, आणि वारा आला तर बरंच वाटतं. इथे आतला वीस अंशांचा गरम वारा आपण पैसे मोजून तयार केलेला असतो, आणि आमटीच्या वाटीएवढं एक भोक भिंतीत कायमचं उघडं असतं. त्यात ओलं अंग. कोरड्या अंगाला जो वारा जाणवणारही नाही, तो आंघोळीनंतर हाडापर्यंत जातो.

आधी काय करू नये

पहिल्या वर्षी मी फॅनची जाळी काढली, मागे प्लास्टिकची पिशवी कोंबली, वरून चिकटपट्टी मारली आणि जाळी परत लावली. वारा थांबला! मी खूष. फेब्रुवारीत छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसू लागले, मग टाइल्सच्या सांध्यांत, मग खिडकीच्या रबरावर. आम्ही दोघं, दोन मुलं, आणि गरम पाण्याची बादली भरून मनसोक्त आंघोळ करायची सवय. एवढी वाफ जाणार कुठे? गार भिंतीवर पाणी होऊन बसते आणि बुरशीला आयतं घर मिळतं. ती बुरशी घालवायला मला दोन रविवार आणि छताला रंगाचे दोन हात लागले.

तेव्हा भोक बुजवायचं नाही आणि फॅनचा वरचा स्विच कायमचा बंदही ठेवायचा नाही. वाफ बाहेर जायलाच हवी. इंग्लंडच्या बांधकाम नियमांतल्या हवेशीरपणाच्या भागात, ज्याला सगळे 'पार्ट एफ' म्हणतात, बाथरूमच्या अधूनमधून चालणाऱ्या फॅननं सेकंदाला किमान १५ लिटर हवा बाहेर टाकावी असं सांगितलंय, आणि खिडकी नसेल तर दिवा बंद केल्यावरही फॅन १५ मिनिटं चालू राहावा. आपल्याला असं काही करायचंय की हवा बाहेर जाईल पण आत येणार नाही. हे ऐकायला सोपं आहे.

उदबत्ती घ्या

बाजारात जाण्याआधी ही परीक्षा करा. मी ती तीन वर्षं केली नाही, म्हणून तीन वर्षं गेली.

वारा सुटलेला दिवस निवडा. घरातल्या सगळ्या खिडक्या, बाहेरची दारं बंद करा, बाथरूमचा फॅन बंद करा. एक उदबत्ती पेटवा. धुराचा अलार्म बाथरूमच्या दाराशीच असेल तर एकच काडी पुरे, देवघरात लावतो तसा जुडगा नको. काडी जाळीच्या मधोमध, बोटभर अंतरावर धरा आणि धूर कुठे जातो ते बघा. मग तीच काडी फॅनच्या चौकटीच्या कडेनं, चौकट भिंतीला टेकते त्या रेषेवरून, घड्याळाच्या काट्यासारखी सावकाश फिरवा. इथे घाई करू नका. बहुतेक जण मधोमध बघतात आणि निकाल देऊन मोकळे होतात. माझ्याकडे मधोमध धूर थोडासाच हलला, पण चौकटीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात आला आणि सपकन आडवा झाला. त्याचा अर्थ पुढे सांगते.

फॅन झाला की काडी टबाच्या बाजूच्या फळीखाली, सांडपाण्याचा जाड पाईप लपवणाऱ्या खोक्याच्या सांध्यांपाशी आणि छतातल्या दिव्यांच्या कडेनंही फिरवा. आमच्या एका मैत्रिणीकडे फॅन बिचारा निर्दोष निघाला. टबाच्या फळीमागे नळांचे पाईप भिंतीतून बाहेर जातात तिथली भोकं कोणी बुजवलीच नव्हती, आणि तो गार वारा जमिनीवरून पायाशी यायचा. तिनं तोवर दोन फॅन बदलले होते.

शेवटची गोष्ट: कोणाला तरी खाली पाठवून स्वयंपाकघरातला हूड पूर्ण वेगात लावायला सांगा. नियमाप्रमाणे शेगडीवरच्या हूडनं सेकंदाला ३० लिटर तरी ओढायला हवेत, आणि आपण फोडणी देताना तो सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवतो. एवढी हवा बाहेर गेली की तेवढीच कुठून तरी आत यावी लागते. खिडक्यांच्या वरच्या बारीक झरोक्यांची पट्टी थंडीला घाबरून बंद केलेली असेल तर सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे बाथरूमचा फॅन. हूड लावल्याबरोबर धूर आत वळला तर तुमचा अर्धा प्रश्न तिथेच आहे, आणि उपाय फुकटचा: स्वयंपाकघरातल्या खिडकीचे झरोके उघडे ठेवा. घरात लाकडाची किंवा कोळशाची शेगडी असेल, किंवा खोलीतली हवा घेऊन जळणारा जुना गॅस हीटर, तर हे जास्तच जपा. हूडच्या ओढीनं तिचा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड चिमणीतून उलटा खोलीत येऊ शकतो.

वारा आत शिरतो कसा

थोडं गणित, पण कामाचं. सेकंदाला ५ मीटर वेगाचा वारा भिंतीवर साधारण १५ पास्कल दाब देतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट, म्हणजे १० मीटरला, ताशी ३६ किलोमीटरला, ६० पास्कल. बाथरूमच्या साध्या चार इंची फॅनचा स्वतःचा जोर तीस-चाळीस पास्कलच्या आसपास संपतो. म्हणजे समोरून जोराचा वारा असेल तर फॅन चालू असतानाही हवा उलटी आत येऊ शकते. "फॅन लावला तरी गारच" असं कोणी म्हणालं तर हसू नका, ते खरं बोलत असतात.

गरम हवा वर चढते आणि वरून बाहेर पडायला बघते. दोन मजली घरात, बाहेरपेक्षा आत अठरा अंश जास्त असताना, ही ओढ चारेक पास्कलची असते. त्यामुळे वारा पडलेल्या दिवशी वरच्या बाथरूमच्या फॅनमधून खरं तर हवा बाहेर जायला हवी, आणि जातेही. त्याची थंडी वाजत नाही, गॅसचं बिल तेवढं येतं. पण फॅनचा पाईप भिंतीतून न जाता माळ्यातून, म्हणजे छत आणि कौलांच्या मधल्या पोकळीतून, जात असेल तर गोष्ट वेगळी. माळा बाहेरइतकाच थंड असतो, त्यातला पाईप थंड होतो, पाईपमधली हवा जड होते आणि वारा नसतानाही छतातून डोक्यावर उतरते.

बाहेरची झडप, आतली झडप

दुसऱ्या वर्षी मी बाहेरच्या भिंतीवर तीन आडव्या पात्यांची प्लास्टिकची झडप लावली. फॅन चालला की पाती उघडतात, बंद झाला की स्वतःच्या वजनानं पडतात. स्वस्त आणि सोपी. पण तिचे दोन रोग आहेत. वाऱ्याच्या भोवऱ्यात ती रात्रभर खटखट वाजते, इतकी की मुलगी रात्री दोनला उठून "आई, दार कोण वाजवतंय" विचारायला आली. आणि वर्षभरात कोळ्याची जाळी, कापसासारखी धूळ, रंगाचा एखादा थेंब यांनी एखादं पातं अर्धवट उघडं अडकतं. अडकलेली झडप म्हणजे पुन्हा उघडं भोकच. पश्चिमेकडून-नैऋत्येकडून वारा खाणाऱ्या भिंतीवर उघड्या पात्यांपेक्षा खाली तोंड असलेली टोपी चांगली. वारा सरळ आत घुसत नाही आणि पाऊसही नाही. मात्र टोपीच्या आत किड्यांसाठी बारीक जाळी असेल तर ती तुंबते, आणि मग फॅन नुसता आवाज करतो.

खरं काम करते ती पाईपच्या आत बसणारी झडप. दुकानात 'बॅकड्राफ्ट शटर' म्हणून मागा. मधल्या दांडीवर दोन अर्धगोल पाती, फुलपाखराच्या पंखांसारखी, आणि त्यांना मिटवणारी नाजूक स्प्रिंग. घेताना पाईपचा व्यास मोजून घ्या. चार इंची म्हणतात तो १०० मिलिमीटरचा असतो, पण १२५ आणि १५० चेही पाईप घरांत असतात.

ही बसवताना मी तिसऱ्या वर्षी जी चूक केली ती जवळपास सगळेच करतात. आडव्या पाईपमध्ये ती दांडी उभी असली पाहिजे. मी आडवी बसवली. तशी बसवली की फॅन चालल्यावर दोन्ही पाती बाहेरच्या दिशेला दुमडतात, खालचं पातं वजनानं खाली पडून बंद होतं, पण वरच्याला त्याचं वजनच बंद होऊ देत नाही. स्प्रिंग बिचारी पुरी पडत नाही. अर्धा पाईप कायम उघडा. माझा नवरा शिडी धरून खाली उभा होता, त्यानं विचारलंही होतं, "कशी बसवायची ते डब्यावर लिहिलंय का?" लिहिलं होतं. मी वाचलं नव्हतं. दिशेचा बाणही बघा. उलटी बसली तर फॅन तिला उघडू शकत नाही आणि मोटर उगाच तापते. वर जाणाऱ्या उभ्या पाईपमध्ये दांडी कशीही चालते, पाती वजनानंच मिटतात.

स्प्रिंग फार कडक नको. बोटानं हलकेच ढकलल्यावर पातं उघडलं पाहिजे. बसवून झाल्यावर टॉयलेट पेपरचा एक तुकडा चालू फॅनच्या जाळीला लावा. तो चिकटून राहिला तर ठीक. पडला तर झडप हवा अडवतेय, किंवा फॅन थकलाय, किंवा बाथरूमच्या दाराखाली फटच उरलेली नाही. नियमात ७६० मिलिमीटर रुंदीच्या दाराखाली १० मिलिमीटर फट धरलेली आहे. नंतर कोणी जाड फरशी किंवा गालिचा घातला की ती जाते, आणि बाहेर टाकायला फॅनला हवाच मिळत नाही.

माझ्या घरातला खरा चोर

झडप नीट बसवली, दांडी उभी केली, आणि तरीही खालच्या डाव्या कोपऱ्यातून वारा! चौथ्या वर्षी मेन बंद करून मी सगळा फॅनच भिंतीवरून उतरवला.

आमची भिंत अकरा इंची: साडेचार इंच वीट, मधे दोन इंच पोकळी, पुन्हा साडेचार इंच वीट. कधीतरी कोणी कारागिरानं आतून भोक पाडलं, बाहेरून भोक पाडलं, आणि पाईपचे दोन आखूड तुकडे दोन्ही बाजूंनी घुसवले. मधल्या पोकळीत दोन्ही तुकडे एकमेकांना भेटलेच नव्हते. त्यात पाईपभोवती गाळा, म्हणजे मोकळी फट, तो कशानंही भरलेला नव्हता. चौकटीनं झाकला की दिसत नाही, झालं काम.

या गाळ्याला कमी लेखू नका. चार इंची पाईपसाठी भिंतीत ११७ किंवा १२७ मिलिमीटरचं भोक पाडतात. मोठ्या भोकात पाईपभोवती बोटही जाणार नाही एवढीच फट दिसते, पण हिशेब केला तर ती जवळपास ४० चौरस सेंटीमीटर भरते, म्हणजे पाईपच्या तोंडाच्या निम्मी. आणि भिंतीतली पोकळी म्हणजे एक उभी गार विहीर. मी तीन वर्षं पाईपच्या तोंडाला कुलपं लावत होते आणि वारा शेजारच्या दारानं आत येत होता. शिवाय फॅनची ओली हवा पोकळीत सुटत होती, ते आणखी वाईट.

दुरुस्ती एका दुपारची. कडक प्लास्टिकचा एकच अखंड पाईप आणला, भिंतीच्या आतल्या तोंडापासून बाहेरच्या तोंडापर्यंत. बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला, म्हणजे आत साचलेलं पाणी बाहेर ओघळतं, फॅनवर नाही. भोवतीच्या गाळ्यात कमी फुगणारा फोम भरला. साधा जोरात फुगणारा फोम पाईप आत दाबून अंडाकृती करतो, आणि मग झडपेची पाती अडकतात. फोम सुकल्यावर जास्तीचा कापला, बाहेरून पाईपभोवती सिलिकॉन, आतून चौकटीच्या मागे पातळ सिलिकॉनची रेघ. झडप पाईपमध्ये, दांडी उभी. उदबत्ती पुन्हा फिरवली तर धूर सरळ वर.

फॅन उतरवताना विजेचं बघा. बाहेरच्या स्विचबरोबर फ्यूजबॉक्समधूनही वीज बंद करा, कारण टायमरवर चालणाऱ्या फॅनला कायमचा जिवंत तार असतो, दिवा बंद केला तरी. इंग्लंडमध्ये जुन्या जागी तसाच फॅन बसवायला कोणाला कळवावं लागत नाही. नवीन सर्किट काढायचं किंवा टबा-शॉवरजवळच्या भागातलं वायरिंग बदलायचं तर तो नोंद करण्याचा विषय आहे, नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनच बोलवा. भाड्याचं घर असेल तर उदबत्तीची परीक्षा तुम्ही करा, फोटो काढा आणि मालकाला लिहा, भिंतीला हात लावू नका.

फॅन माळ्यातून जात असेल तर

बारीक चंदेरी लवचीक पाईप माळ्यात सापासारखा पडलेला असतो. तो ताणून सरळ करा, जास्तीचा कापा. त्याला उष्णतारोधक आवरण घाला, किंवा आवरणासकटचाच पाईप आणा, नाहीतर वाफ पाईपमध्येच पाणी होते आणि फॅनमधून थेंब थेंब परत येते. छतावर तपकिरी गोल डाग दिसला तर तो हाच, गळणारं कौल नव्हे. झडप छताच्या लगेच वर, उभ्या भागात बसवा. पाईपचं दुसरं टोक खरंच घराबाहेर निघतं का, तेही एकदा टॉर्च घेऊन बघा. नुसतं माळ्यात सोडून दिलेलं टोक मी दोन घरांत पाहिलंय. ते छपराच्या कडेखालच्या पट्टीतून काढायचं असेल आणि घर २००० च्या आधीचं असेल, तर भोक पाडण्याआधी ती पट्टी ॲस्बेस्टॉसची नाही याची खात्री करून घ्या. ब्रिटननं त्यावर पूर्ण बंदी १९९९ मध्ये घातली, तोवर ते सर्रास वापरात होतं.

मोठ्या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये सकाळी सकाळी फॅनमधून शेजारच्यांच्या बेकनचा वास येत असेल (चतुर्थीला हमखास येतो), तर तिथे सगळ्यांचा पाईप एकच आहे. त्यात आगीसाठीच्या वेगळ्या झडपा असू शकतात. त्याला स्वतः हात न लावता इमारतीच्या व्यवस्थापकाला सांगा.

सगळं करूनही भागलं नाही तर मंद गतीनं चोवीस तास चालणारा फॅन हा एक मार्ग आहे. हवा सतत बाहेर ढकलली जात असल्यामुळे हलक्या वाऱ्याला आत यायला वाव राहत नाही, आणि अशा फॅनला वेगळी स्प्रिंगची झडप लावायची नसते. दोन वॅटचा फॅन वर्षाला साडेसतरा युनिट खातो, ते काहीच नाही. पण चोवीस तास गरम हवाही बाहेर जाते, ती या आकड्यात दिसत नाही. माझ्या मते बुरशीचा त्रास असलेल्या घराला हा सौदा परवडतो, नुसत्या गार वाऱ्यासाठी घेऊ नये.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं, त्या दिवशी मी आता शिडी काढते. टोपीतली जाळी पुसते, झडपेची पाती बोटानं हलवून बघते, उदबत्ती फिरवते. गेल्या दिवाळीला आईनं तक्रार केली नाही, फक्त पाणी पुरेसं कढत नाही म्हणाली. ईशान्येचा वारा सुटला की अजून थोडा गारवा येतो, कारण आमची भिंत त्याच बाजूला आहे. नोव्हेंबर २०२१ चं अर्वेन वादळ त्याच दिशेनं आलं होतं. तसं हिवाळ्यात एक-दोनदाच होतं, आणि तेवढ्यासाठी पुन्हा भिंत फोडायची माझी तयारी नाही.